प्रश्न विचारणारा माणूस

८ नोव्हें.
आमचा पक्ष आणि त्यांचा, आजपासून एक. पालिका निवडणुकीच्या तोंडावर मुंबईत ठरलं, आम्हाला मोबाइलवर कळलं. औरंगपुऱ्याच्या चौकात ज्यांच्यावर वर्षानुवर्षं तुटून पडलो, ते आता 'आपले'. ऑफिसात दुरंगी उपरणी आली. "घाला नाना, फोटो काढायचाय." घडी करून खिशात कोंबलं.

९ नोव्हें.
सलीमभाईच्या घड्याळाच्या दुकानात. तो त्या दुसऱ्या पक्षाचा जुना कार्यकर्ता. माझ्या प्रत्येक सभेत मागं उभा राहून ओरडणारच, "वक्तेसाहेब, पानी कब आएगा, वो बोलो!" त्याच्या धाकानं मी तयारी करून जायचो. आज म्हणतो, "नाना, अब मैं क्या करूं? टाळ्या वाजवू?" हसलो दोघं.
पक्ष एका जागी टिकला तर जाब कुणाला विचारायचा हे लोकांना कळतं. रोज घर बदलणाऱ्याची कॉलर धरायची कुठं?

१२ नोव्हें.
मोठ्यांचं ठरलं. एकच उमेदवार, आमचा प्रभाग बिनविरोध. सलीमभाई अपक्ष अर्ज भरतोय. "सूचक म्हणून सही करता, नाना?" पक्ष सोडणाऱ्यांना आयुष्यभर व्यासपीठावरून सोलून काढलं. आता मीच? की मी तिथंच आहे आणि पक्षच पायाखालून…
सही केली.

१४ नोव्हें.
जिल्हाध्यक्षांचा फोन. आवाज मधाळ. "मुलगा फुलंब्रीच्या शाळेत मास्तर ना तुमचा? बदल्या निघतायत. आणि सलीमभाईला म्हणावं, लई उन्हात फिरू नको. अर्ज मागं घे."
हिला सांगितलं नाही. सलीमभाईला सांगितलं. तो घड्याळातून मान वर न काढता, "देखेंगे."

१६ नोव्हें.
कोपरा सभा. मंडपवाल्यानं खुर्च्या दिल्या, पण "माझं नाव नका सांगू." पाण्याच्या मुद्द्यावर सवयीनं थांबलो. तिथं सलीमभाईचा प्रश्न यायचा. तो माझ्या शेजारी बसलेला. खालून कुणीच बोललं नाही. वरच्या खिडक्या एकेक करून लागल्या.

१७ नोव्हें.
अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस. दुकानाचं शटर खाली. फोन वाजतो, उचलत नाही. शेजारचा पानवाला: "गाडीतून दोघं आले. चहाला घेऊन गेले. आपलेच होते."
"आपलेच म्हणजे कुणाचे?"
"आता ते कसं सांगू, नाना?"
निवडणूक कचेरीच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. मुदत संपलेली नाही; अर्ज मागं घ्यायला सलीमभाईला इथंच आणावं लागेल. फाटकातून एक गाडी आत येतेय. तो उतरला, तर या वेळी प्रश्न मी विचारणार. काय विचारू, ते अजून