पावसातला कॉर्नक्रेक

हाउगारी, नॉर्थ यूस्ट बेट
१९ मे

लाडक्या कर्स्टी,

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो पोचला. कान अगदी तुझ्या बाबांचे! डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. एवढ्यात गाडी चालवायची नाही म्हणतात, तीच काय ती कटकट. आणि पाऊस तर असा, की मेंढ्यासुद्धा भिंतीच्या आडोशाने उभ्या आहेत.

तरी काल पक्षी बघून आले. बाबा गेल्यापासून मी मे महिन्यात किनाऱ्याच्या गवताकडे फिरकलेच नव्हते. नव्या डोळ्याला टिटवीचा तुरासुद्धा लांबून दिसला! उतरायची सोय नव्हती, पण पक्षी माणसाला बुजतात, गाडीला नाही. काच बोटभर खाली करून आम्ही दोघं बसलो होतो.

गाडी कोणाची, हे मघापासून टाळतेय. फिन्लेची.

पत्र फाडू नकोस. आधी वाच.

सकाळी तो दारात उभा. टोपीवरून पाणी गळतंय. इतकी वर्षं मी चर्चमध्ये ज्याच्याकडे पाठ करून बसले, तो म्हणाला, "तुला सध्या गाडी चालवता येत नाही असं दुकानात कळलं. गवतात कॉर्नक्रेक ओरडायला लागलेत. चलतेस? बोलायचं नसलं तर बोलू नकोस, मला सवय आहे."

मला हसू फुटलं. हसल्यावर दार कसं लावणार?

दुपारपर्यंत पक्ष्यांखेरीज एक शब्द नाही. मग किनाऱ्याच्या गवताशी त्याने गाडी उभी केली, थर्मासमधला चहा दिला. टपावर पाऊस नुसता बडवत होता. मी विचारून टाकलं, "त्या दिवशी, तसल्या हवेत, माझ्या यूअनला समुद्रावर नेलंसच का?"

त्याने वायपर बंद केले.

"मी नाही नेलं, इशबेल. मी नको म्हणत होतो. वादळात खेकडे धरायचे पिंजरे फुटतील, आधी काढून आणू म्हणून तो हटून बसला. 'येत नसलास तर बोटीची किल्ली टाक, मी एकटा जातो,' म्हणाला. एकट्याला कसा सोडू?"

"मग बोलला का नाहीस? सगळं गाव तुला नावं ठेवत होतं. मीसुद्धा!"

"मेलेल्या माणसावर काय ढकलायचं? आणि बोट माझी होती."

खोटं वाटलं नाही गं. तू जन्मलीस त्या दिवशीही बाबा आधी पिंजरे काढून मगच घरी आले होते. तो हट्ट मला ठाऊक आहे.

मी रडले. तोही रडला. एवढ्यात त्याने माझा दंड धरला, "श्श!" गवतातून कॉर्नक्रेक रस्त्यावर आला होता. जन्मभर नुसती करकर ऐकली, दर्शन कधी नाही. भिजलेला, मान ताठ, आमच्या चाकासमोर.

"दोन म्हातारी कशी रडतात, ते बघायला आला," फिन्ले म्हणाला.

ज्याने तुझ्या बाबांना नेलं असं मी समजत होते, त्यानेच त्यांना एकटं जाऊ दिलं नव्हतं. काल रात्री गाढ झोपले.

जुलैत तू येशील, तेव्हा धक्क्यावर तुम्हाला घ्यायला फिन्ले येईल. तू तोंड फिरवशील म्हणून नकोच म्हणत होता. मी ऐकलं नाही.

बोटीतून उतरलीस की बाळ आधी त्याच्या हातात दे. मी मागे उभी असेन.

तुझी, आता हलकी झालेली,
आई