अकरा नारळांचा सोडियम

मु. पो. कातळगाव, तालुका कुडाळ
गुरुवार, १२ डिसेंबर १९६३

ती. सौ. अक्कास,

धाकट्या गुरुदासाचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त तो मनातल्या मनात). आईचा खोकला कसा आहे? भावोजींचं वजन आणि तुझा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे सोमवारपर्यंत होतं. शनिवारी शाळेच्या कमिटीची बैठक आहे आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही ते तिथे ठरणार. कायम झालो की दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून आईला इकडे आणीन, हा तुला दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. फक्त मध्येच रसायनशास्त्र आलं.

तू म्हणशील, संस्कृतच्या मास्तराचा रसायनाशी काय संबंध? मीही हेडमास्तरांना हेच विचारलं. आमचे विज्ञानाचे मास्तर इन्सुलीच्या नाक्यावर सरकारी नोकरी लागून गेले आणि मूलद्रव्यांचा त्यांचा मोठा तक्ता भिंतीवर तसाच लोंबकळत राहिला. हेडमास्तर म्हणाले, तुम्हांला शब्दरूपांची एवढी कोष्टकं पाठ आहेत, त्यात हे एक जास्त. आठ दिवस पुस्तक घोकलं आणि अक्का, खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं. अणू म्हणजे आपली पंगतच गं! मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन, आणि भोवती इलेक्ट्रॉन जेवायला बसलेले. पहिल्या पंगतीला दोघांचीच जागा, दुसरीला आठ, तिसरीलाही आठ, उरतील ते चौथीला. ज्यांच्या शेवटच्या पंगतीत सारखी डोकी, ते तक्त्यात एकाखाली एक. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्याकडे शेवटी एकटाच उरतो, म्हणून ही मंडळी उतावीळ. निऑनची पंगत भरलेली. त्याला कोणाची गरज नाही आणि तो कोणाच्या उपयोगाचा नाही (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस).

सोमवारी पालकांची सभा होती. मुलांना काय शिकवतो ते पालकांना कळावं (आणि कमिटीलाही दिसावं) म्हणून मी पटांगणात प्रयोगच मांडला. वरच्या वाडीचे अकरा जण म्हणजे सोडियम, खालच्या वाडीचे सतरा जण म्हणजे क्लोरीन. मधोमध प्रोटॉन म्हणून तितकेच नारळ, ज्या त्या वाडीने आणलेले. (न्यूट्रॉन वगळावे लागले, नारळ संपले.) दोन्ही वाड्या एकमेकांचे भाऊबंदच, पण जत्रेत देवीपुढे पहिला नारळ कोणी ठेवायचा यावरून गेली नऊ वर्षं एका पंगतीला बसलेल्या नाहीत. हे मला ठाऊक होतं. त्याचा सोडियमशी संबंध येईल हे मात्र कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येकापुढे पत्रावळ मांडली. वरच्या वाडीच्या तिसऱ्या पंगतीत एकटा सत्यवान, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष जयरामबाबा यांचा चांगला तिशीतला पुतण्या. खालच्या वाडीच्या तिसऱ्या पंगतीत सात जण आणि एक जागा रिकामी. मी सत्यवानाला म्हटलं, ऊठ, त्या जागेवर जाऊन बस. तो बसला. मग सोडियम आणि क्लोरीन मिळून काय तयार होतं ते दाखवायला मी त्याच्या पत्रावळीवर चिमूटभर मीठ वाढलं. गड्याने सवयीप्रमाणे ते बोटाने चाखलं.

झालं! पानात पहिलं मीठ पडतं, आणि ते तोंडात गेलं की जेवण सुरू. जेवण सुरू झालं की पंगत सोडून उठायचं नाही. भर सभेत जयरामबाबांचा पुतण्या खालच्या वाडीत जेवला होता!

“सत्या, ऊठ थंयसून!” जयरामबाबा गरजले.

“कसो उठतलो?” खालच्या वाडीचे पुढारी बाबली म्हणाले. “आमच्या पंगतीक बसलो, आमचो झालो. आता त्येचो नारळ हाडा हंय.”

“नारळ व्हयो तर माणूस परत द्या!”

“मी मास्तरांनी सांगल्यानी म्हणान बसलंय,” सत्यवान कळवळून म्हणाला, पण इलेक्ट्रॉनला कोण विचारतो?

आता गंमत बघ. वरती नारळ अकरा, माणसं दहा. खालती नारळ सतरा, माणसं अठरा. पुस्तक म्हणतं, अशी स्थिती आली की दोघे एकमेकांकडे ओढले जातात. गेलेच! दोन्ही वाड्या रोज पटांगणात समोरासमोर बसून भांडताहेत. पहिल्या दिवशी मध्ये वीस हात अंतर होतं. नीट ऐकू येत नाही म्हणून काल दहा हात झालं. आज एकाच चुलीवरचा चहा पिऊन भांडण चाललं आहे. सत्यवान दोन्हीकडे जेवतो आणि अंगाने सुटत चालला आहे. एकंदर लक्षणं बरी दिसतात. शनिवारची तू काळजी करू नकोस.

आईच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव, पोरांचे गालगुच्चे घे. भावोजींना काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
गुरुदास

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज शनिवार. वाड्यांचा समेट झाला. सत्यवानाचा तो नारळ जत्रेत पहिला म्हणून दोघांनी मिळून देवीपुढे ठेवायचा आणि सगळा दोष मास्तरांचा. मला काढून टाकायचा ठराव एकमताने मंजूर झाला. नऊ वर्षांतला कमिटीचा हा पहिला एकमताचा ठराव. तेव्हा आता मुद्द्याचं लिहितो: आईला आणखी काही महिने तुझ्याकडे ठेवून घे, आणि माझ्यासाठीही माजघरात एक सतरंजी टाक. आईला तूच सांग, मला धीर नाही. वाईट वाटतंय, अक्का. फार वाईट वाटतंय.

ता. क. २. ठरावाची नक्कल घेऊन जयरामबाबा स्वतः आले होते. निघताना उंबऱ्यावर घुटमळले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, “मास्तरांनू, एक इचारतंय. एकदा झालेला मीठ परत सुटा करूचा झाला, तर काय करूचा लागता?” उत्तर पुढच्याच धड्यात आहे, पेलाभर पाणी पुरतं. मी म्हटलं, बाबा, तो धडा माझा अजून वाचून झालेला नाही.