धम्मदीपने पुसलेली ओळ

२३ फेब्रुवारी, सोमवार
धम्मदीपचा कोड तपासला. अकरा शेरे. शेवटी लिहिलं — 'हे कॉलेजात चाललं असेल, इथे नाही.' सगळ्या टीमला दिसतं ते. नोकरीला लागून सहा महिने झाले त्याला, अजून त्याच चुका. शेजारच्याच टेबलावर बसून वाचत होता. कान लाल झाले. चहाला उठला नाही.

२४ फेब्रुवारी
रसिका आमच्यातली सगळ्यात जुनी. जेवताना म्हणाली, "किती लागतं गो ते, तुला कळत नाही." मी म्हटलं, काम शिकवतेय, गोंजारत बसायला वेळ नाही. ती डबा बंद करून उठली. नंतर दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही. मलाही लागतं — पण ते कुणाला सांगणार.

२७ फेब्रुवारी
डायलिसिस केंद्राचं काम संपवलं. पाळीच्या आदल्या दिवशी पेशंटला आपोआप मेसेज जाईल. तपासायला धम्मदीपकडे दिलं. अर्ध्या तासात मंजूर.

४ मार्च, बुधवार
काय लिहू. शिमग्याच्या सुट्टीमुळे मंगळवारच्या पाळ्या केंद्राने सोमवारीच उरकल्या. माझ्या कोडने तो बदल धरलाच नाही. मेसेज गेले जुन्याच तारखेचे. पावस गावचे एक आजोबा काल एसटीने आले, बघतात तर केंद्राला कुलूप. आज पहाटे धाप लागली. ॲडमिट केलंय. केंद्रातल्या बाईंचा फोन मीच घेतला. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मेसेज बघून आले होते हो ते."

५ मार्च
आजोबा धोक्याबाहेर आहेत. धम्मदीपला जिन्यात गाठलं.
"तपासताना तुला दिसलं नव्हतं?"
"दिसलं होतं. लिहिलंही होतं, ताई. मग पुसलं."
"का?"
"माझंच चुकत असेल तर तुम्ही परत सगळ्यांसमोर लिहाल, असं वाटलं."
मला रागावता आलं नाही. सॉरीही म्हणता आलं नाही. तशीच खाली उतरले.

७ मार्च
सुट्टी. तरी ऑफिसात जाऊन बसले. दोन वर्षांत मी तपासायला दिलेली सगळी कामं उघडली. बासष्ट. रसिकाने, सगळ्यांनीच तपासलेली. एकावरही कुणी चूक दाखवलेली नाही.
मला वाटायचं, माझ्या चुका होतच नाहीत.