तांदळातले नाव

आई, तुझ्या नातीने कादंबरी लिहिली आहे, संस्थानाच्या काळातल्या चेटकिणींची. मूळ गोष्ट तुझीच. स्नेहलतागंजातल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तू ती मला सांगायचीस. खजराण्यापलीकडच्या माळावर एक चेटकीण राहते. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने ज्यांचे नवे नाव लिहिले, अशा बायका तिच्याकडे लपून जातात. ती सांगते, तेच नाव पुन्हा तांदळावर लिहा आणि ताट उघड्यावर ठेवा. चिमण्या दाणे टिपतात, तसे नवे नाव पुसले जाते आणि ताटाच्या तळाशी जुने उमटते. मग एके दिवशी त्या साऱ्या दरबारात उभ्या राहतात. दिवाण विचारतो, "मागता काय?" चेटकीण म्हणते, "आमचं होतं तेच."

इथे आजी दारातून ओरडायची, "पोराच्या डोक्यात काय भरतेस गं? चेटकिणी काय चांगल्या असतात?" तू पोळी उलटत म्हणायचीस, "चांगल्या नसतात हो, पण कामाच्या असतात." एकदा मी विचारले होते, "आई, तुझं जुनं नाव काय?" क्षणभर तुझे लाटणे थांबले. "आधी खा, पोळी गार होतेय." मी खाल्ली, आणि पुन्हा कधी विचारले नाही.

परवा लेक म्हणाली, "बाबा, पुस्तक आजीला अर्पण करतेय. तिचं असली नाव टाकायचंय, तांदळातलं नाही. तुम्हाला तो पता होगा ना?" कागदावर प्रत्येकाचे पूर्ण नाव आहे की नाही, हे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. तुझ्या प्रत्येक कागदावर सासरचेच नाव आहे; घरात तू सूनबाई, वहिनी, आई. तू गेलीस, आणि माहेरचे विचारण्याजोगेही कोणी उरलेले नाही. मी म्हणालो, "शोधतो." तिने माझ्याकडे पाहिले आणि विषय बदलला. आता पुस्तक छपाईला जाईल, आणि त्या पानावर 'आजीस' एवढेच असेल.

हे पत्र मी पाकिटात घालीन. पाकीट कोरेच आहे, आणि ते माझ्या टेबलाच्या खणातच राहील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही आज सकाळी ताटात तांदूळ पसरले, मला ठाऊक असलेले तुझे नाव सावकाश लिहिले आणि ताट गच्चीवर ठेवून आलो. चिमण्या आल्या नाहीत, कबुतरे आली. ताट मी अजून उचललेले नाही.