कड्यातला दुसरा तुकडा

प्रिय बुटके,

अक्षर ओळखलंस तर पाकीट फोडशील की नाही, शंकाच आहे. फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

सर गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांची खोली आता माझी. प्रयोगशाळेतलं तुझं उंच स्टूल अजून तिथेच आहे. पाय टेकत नाहीत म्हणून तू खाली खोकं ठेवायचीस, ते मात्र कुणीतरी टाकून दिलं. तू पावाच्या कारखान्यात यीस्ट तपासतेस, हे तुझ्या ताईकडून कळलं होतं. अजूनही यीस्टच, म्हणून आधी बरं वाटलं, आणि मग त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पेशीतलं ते प्रथिनांचं कडं तू विसरली नसशील. बॅक्टेरियात ते एकाच प्रकारच्या तुकड्यांचं, यीस्टमध्ये दोन प्रकारच्या. त्यातला कुठलाही एक काढला की यीस्ट मरतं. सर म्हणायचे, दुसरा तुकडा आला म्हणजे काहीतरी फायदा झालाच असणार. तू दोन्ही काढलेस, त्यांच्या पूर्वजात असेल तसा जुना एकच तुकडा बनवून घातलास, आणि यीस्ट मजेत वाढलं. "फायदा-बियदा काही नाही हो सर," तू म्हणालीस, "एकाच्या दोन प्रती झाल्या, दोघींनी थोडं थोडं काम सोडलं, आता एकीवाचून दुसरीचं चालत नाही, एवढंच." सर वीस वर्षं याच्या उलट शिकवत आले होते. ते म्हणाले, तुझ्या बशीत बाहेरून साधं, दोन्ही तुकडे असलेलं यीस्ट शिरलंय. आणि खात्री करायला बशा माझ्याकडे दिल्या.

पुढचं तुला माहीत आहे, निदान तुला तसं वाटतं. मी सांगितलं, भेसळ आहे. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. प्रयोगशाळा सोडून जाताना टेबलसुद्धा पुसून गेलीस. तुझे बाबा सामान न्यायला आले तेव्हा मी जिन्याखाली उभी होते, ते वर जाईपर्यंत.

गेल्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी एक बशी घेऊन आली. तुझं नावही तिनं कधी ऐकलेलं नाही. तिनंही जुना तुकडा घातला होता, आणि यीस्ट वाढलं होतं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "बाहेरचं काहीतरी शिरलं असेल." तिचा चेहरा पडला.

बशा स्वच्छ होत्या, बुटके. तीनदा तपासल्या होत्या मी. माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. माझ्या वहीतलं त्या तपासणीचं पान फाडायचा धीर झाला नाही, म्हणून वहीच कुलपात ठेवली. परवा ती विद्यार्थिनीला दाखवली, काल विभागप्रमुखांकडे दिली. पानाची प्रत सोबत आहे. ते माझं काय करायचं ते करतील. या कामाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं हवं, असं त्या मुलीचंच म्हणणं. ती आता माझ्याशी कामापुरतंच बोलते. वही मिटताना एवढंच म्हणाली, "त्यांना शोधायचं कुठे?" मी खणातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तुझा पत्ता अकरा वर्षं माझ्यापाशी होता.

तुझीच,
लंबू