दादाचं मॅटर

माय, परवा आमच्या कामाचा निकाल पक्का झाला. सूर्याच्या पोटातून जे यायला हवं होतं, ते आलं नाही. आमची दुर्बीण म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या बर्फात खोलवर सोडलेले काचेचे गोळे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं डोळे लावून बसलो आणि शेवटी लिहिलं, सापडलं नाही. बाकीचे चहाला गेले. मला तुझी चूल आठवली.

त्या वर्षी मी टेंभुर्णीला आपल्या घरी सुट्टीवर आले आहे. तू भाकरी थापतेस, मी बुक्कीनं कांदा फोडते आहे. "तुजं काम तरी काय गं?" तू विचारतेस. मी सहज म्हणते, "डार्क मॅटर शोधते." तुझा हात थांबतो. मॅटर हा शब्द आपल्या घरात पोलीस ठाण्यातल्या जमादारानं आणला होता. दादा नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामात कामाला होता. तिथून एका दुपारी निघाला, तो घरी आलाच नाही. काही वर्षांनी जमादार म्हणाला, "मावशी, तुमच्या पोराचं मॅटर बंद झालं." तेव्हापासून आपल्याला ते एकच मॅटर ठाऊक.

"उघडलं का गं त्याचं मॅटर?" तव्यावर भाकरी करपते आहे, तुला भान नाही. इतका आनंद तुझ्या तोंडावर मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि तो पुसायचं काम माझ्याच वाट्याला आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग समजावत बसले. विश्वात न दिसणारं काहीतरी आहे, त्याच्या ओढीनं तारे धरून ठेवलेत. ते सूर्याच्या पोटात साचत असावं, त्याचे कण एकमेकांवर आदळून नाहीसे होत असावेत, आणि त्यातून न्यूट्रिनो नावाचे बारीक कण सुटत असावेत. ते कशालाच अडत नाहीत, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात. एखादाच बर्फात धडकतो, अंधुक उजेड पडतो, तो आम्ही टिपतो.

"आपल्यातूनबी जातेत?"

"आत्तासुद्धा."

"मंग त्याच्यातूनबी जात आसतील. जिथं आसंल तिथं."

करपलेली भाकरी तू स्वतःच्या ताटात घेतलीस. एवढं सांगूनही दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणालीसच, "लेक मॅटर बघून राह्यली. जल्दी न्हाई व्हायचं, पण बराबर मार्गी लावील." पालथ्या घड्यावर पाणी! मी हसले, आणि मोरीत जाऊन रडले.

तू गेलीस, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या कामात 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं नसतं. कुठे नाही तेवढं कळतं, आणि लोक पुन्हा शोधायला लागतात. मीही लागेन. नवीन जालन्याच्या स्टेशनात उतरले की अजून माणसांची तोंडं बघते, दादाच्या वयाचा कुणी पाठमोरा दिसला की पाय जागीच थांबतात. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते. अलीकडे तो माणूस वळायच्या आत मीच तोंड फिरवते. खरंच दादा निघाला तर पहिल्यांदा विचारील, "माय कुठाय?"