झेड-स्कॅन आणि मथुराबाईंचा गुडघा

४ जानेवारी
यंदा पीएचडी. ठरलं म्हणजे ठरलं. रजिस्ट्रेशनची शेवटची मुदतवाढ ३१ मार्चला संपते, तोवर गाईडच्या सहीनिशी थिसिस द्यायचा, म्हणजे वेळच वेळ. विषय: झिंक पोर्फिरिनचे नॉनलिनियर ऑप्टिकल गुणधर्म. अख्ख्या भूम तालुक्यात स्पर्धक नाही. काम सोपं. जांभळ्या द्रावणाची कुपी लेझरच्या वाटेवर पुढं-मागं सरकवायची, पलीकडं बारीक छिद्रातून उजेड किती येतो ते मोजायचं; हाच झेड-स्कॅन. आलेख आधी खाली जावा, मग वर यावा. माझा सरळ येतो. शिस्तीचा आहे.
गाईड महारुद्र सरांना फोन केला, एकदा लॅब बघायला या म्हणालो. बघू म्हणाले. म्हणजे येणार.

११ जानेवारी
पाटी रंगवून आणली: डॉ. शांतलिंग, झेड-स्कॅन लॅब. बायकोनं, शिवकांतानं, घरावर लावू दिली नाही. आधी व्हा, मग लावा म्हणाली. हिला दूरदृष्टी नाही. कॉलेजात लॅबच्या दारावर ठोकली. शेजारच्या वाशीला सासऱ्यांना फोटो पाठवला. त्यांनी गावभर सांगितलं, जावई डॉक्टर झाले. आता माघार नाही.

१८ जानेवारी, बाजारचा दिवस
सासऱ्यांच्या शेजारच्या मथुराबाई वाशीहून एस.टी.नं आल्या. म्हणाल्या, डॉक्टर, गुडघ्याचं स्कॅन करा, लई ठणकतंय. मी नीट समजावलं, इथं गुडघा बघत नाहीत, थर्ड ऑर्डर ससेप्टिबिलिटी बघतात. म्हणाल्या, ती बी दुखतीय.

१ फेब्रुवारी
व्हरांड्यात रांग! तालुक्यात विज्ञानाची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. कोंडीराम म्हणून एक शेतकरी होते, त्यांना सांगितलं, पोर्फिरिन काही परकं नाही, आपल्या रक्ताचा लाल रंग त्याच घराण्यातला, फक्त जस्ताच्या जागी लोखंड. त्यांनी रक्त एवढंच ऐकलं आणि बाही वर केली.
उद्यापासून दार बंद. कडक.

८ फेब्रुवारी
दार बंद होतं. मथुराबाई मागच्या दारानं आल्या. खुर्ची नाही, म्हणून लेझरच्या टेबलावरच बसल्या. मी कुपी सरकवत राहिलो. आणि काय सांगू! रीडिंग खाली गेलं! बाई या टोकावरून त्या टोकाला सरकल्या, तसं वर आलं! पुस्तकातला आलेख! टेबलाचा एक पाय आखूड आहे, पण त्याचा पोर्फिरिनशी काय संबंध?
सरांना फोन. या वेळी म्हणाले, बघू, बघू. दोनदा!

१० फेब्रुवारी
सरळ रेष. आज मथुराबाई नव्हत्या.

१५ फेब्रुवारी
मथुराबाई आल्या. आलेख फर्मास. नंतर कळलं, कुपी ठेवायलाच विसरलो होतो. तरीही आलेख आला, म्हणजे पोर्फिरिनचा परिणाम टिकाऊ आहे. वेगळं प्रकरण लिहावं लागणार.

१ मार्च
मथुराबाई येईनात. सासऱ्यांना फोन लावून त्यांच्याशी बोललो. म्हणाल्या, तुमच्या स्कॅननं गुडघा बरा झालाय, आता कशाला येऊ? विज्ञानासाठी थोडं दुखवून घ्या म्हणालो. फोन ठेवला त्यांनी.

२८ मार्च
सर आले!! स्वतः! शिवकांताला म्हणालो होतो की नाही? आलेखांकडं बघितलं नाही, सरळ टेबलावर बसले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. म्हणाले, तुमच्याकडं बरं होतं असं ऐकलंय. लेझर लावला. सर सरकले, रीडिंग खाली, मग वर. आयुष्यातला सर्वोत्तम आलेख! जाताना थिसिस पुढं केला, सही तेवढी द्या म्हणालो. लंगडत लंगडत म्हणाले, बघू.
तीन दिवस आहेत अजून.

३१ मार्च, संध्याकाळी
ऑफिस बंद झालं. सर फोन उचलत नाहीत. गुडघ्याचा त्रास असेल.
सासऱ्यांचा फोन. वाशीत सत्कार ठेवायचाय, हार कधी सांगू? मी म्हणालो, बघू. ते म्हणाले, बरं, न्हाय सांगत मग. मी म्हणालो, अहो, नाही कुठं म्हणालो, बघू म्हणालो. ते म्हणाले, जावईबापू, दोन्ही एकच की.
शिवकांताला विचारलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं?
व्हय म्हणाली. आणि पाटी कुठं ठेवायची ते विचारलं.